चेंबर ऑफ कॉमर्स म्हणजे काय? परिसर अभ्यासासाठी एक पाठ



मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात 'आपल्या परिसरातील व्यवसाय' हा भाग घेत होते. आमची शाळा खरवईत. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरचं कुणी ना कुणी एमआयडीसीत कामाला जातं. कुणी केमिकल कंपनीत, कुणी पॅकिंगला, कुणाचा कॅन्टीनचा डबा, कुणाचा टेम्पो. म्हणून मी मुलांना सांगितलं, घरचे काय काम करतात ते प्रत्येकाने उभं राहून सांगा.

एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आमचा गाळा बंद आहे. कंपनीने पप्पांचे पैसे दिले नाहीत."

मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "मग पोलिसांत जायचं ना!"

तो म्हणाला, "पप्पा म्हणतात, भांडलो तर पुढचं काम मिळणार नाही."

वर्ग गप्प झाला, आणि खरं सांगते, मीही गप्प झाले. डी.एड.ला आम्हाला पाठ टाचण शिकवलं, बालमानसशास्त्र शिकवलं, पण या प्रश्नाचं उत्तर कुठे शिकवलं नव्हतं. पुढे पालकसभेला त्याचे वडील भेटले. भाड्याचा गाळा, तीन लेथ मशीन, हाताखाली दोन माणसं. एका मोठ्या कंपनीला सुटे भाग करून द्यायचे. सात महिन्यांची बिलं अडकली होती. ते मला म्हणाले, "मॅडम, आमच्यासारख्याने जायचं कुठे?"

त्या प्रश्नामुळे मी वाचायला, विचारायला लागले. त्यातून हा पाठ तयार झाला. वडिलांची परवानगी घेऊनच ही गोष्ट लिहिते आहे, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

कोण काय काम करतं?

मुलांचा (आणि आपलाही) पहिला गोंधळ इथेच होतो. कारखान्यांशी संबंध असलेल्या चार वेगवेगळ्या संस्था आपल्या आसपास असतात. फळ्यावर चार रकाने करून त्या लिहा.

१. नगरपरिषद : आपली कुळगाव-बदलापूर नगरपरिषद. गावातले रस्ते, कचरा, दिवे, घरपट्टी.

२. एमआयडीसी : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ. हे सरकारी महामंडळ १९६२ साली स्थापन झालं. कारखान्यांना भूखंड देणं, औद्योगिक क्षेत्रात रस्ते आणि पाणी पुरवणं हे त्याचं काम. आपल्या जवळचं बारवी धरण एमआयडीसीचंच आहे, हे बऱ्याच मोठ्या माणसांनाही माहीत नसतं.

३. कामगार संघटना : पगार, बोनस, सुरक्षितता, सुट्ट्या यांसाठी कामगारांनी एकत्र येऊन केलेली संघटना. आपण तिला युनियन म्हणतो.

४. चेंबर ऑफ कॉमर्स किंवा उद्योजक संघटना : व्यापारी, कारखानदार, लहान उद्योजक यांनी स्वतःहून एकत्र येऊन केलेली संस्था. मराठीत वाणिज्य मंडळ किंवा व्यापारी मंडळ म्हणतात.

चौथ्या रकान्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चेंबर म्हणजे सरकारी ऑफिस नाही. ते कुणाला दंड करू शकत नाही, कुणाचं लायसन्स रद्द करू शकत नाही. आपल्याकडे सभासद होणं ऐच्छिक असतं, वर्गणी भरून सभासद व्हायचं. (जर्मनी, फ्रान्समध्ये तसं नाही. तिथे उद्योगांना चेंबरचं सदस्यत्व कायद्यानेच असतं.) मग अधिकार नसलेल्या संस्थेचा उपयोग काय? त्याचं उत्तर इतिहासात सापडतं.

दोन हजार वर्षांपूर्वीचं उदाहरण

आपल्याला वाटतं, असं एकत्र येणं इंग्रजांनी आणलं. तसं नाही. नाशिकची पांडवलेणी मुलांनी सहलीत पाहिलेली असतात. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात नोंद आहे की त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे होते.

चौथी-पाचवीच्या मुलांना हे गणित घाला. शंभराला महिन्याला एक, तर दोन हजारांना महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना बारा-बारा म्हणजे किती? दोनशे चाळीस! हिशोब बरोब्बर जुळतो. माझ्या वर्गात मुलांनी टाळ्या वाजवल्या. दगडावर लिहिलेलं गणित दोन हजार वर्षांनी बरोबर आलं, याचा त्यांना कोण आनंद झाला!

यातून मुलांना विचारा : राजघराण्यातल्या माणसाने एवढे पैसे एकट्या विणकराकडे का ठेवले नाहीत? एक मुलगी म्हणाली, "एकटा माणूस मरून जाईल ना बाई, किंवा पळून जाईल." अगदी बरोबर. एकट्यावर जो विश्वास ठेवता येत नाही, तो अनेकांच्या संघटनेवर ठेवता येतो. आजही चेंबरचं पहिलं भांडवल हेच आहे.

चेंबरचा थोडक्यात इतिहास

'चेंबर ऑफ कॉमर्स' या नावाची परंपरा फ्रान्समधल्या मार्से बंदरातून सुरू झाली, १५९९ साली. आपल्याकडे १८३६ मध्ये मुंबईत बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झालं. त्यात युरोपीय व्यापाऱ्यांचं वर्चस्व होतं. भारतीय व्यापाऱ्यांचं म्हणणं मांडायला आपली स्वतःची जागा हवी, म्हणून स्वदेशीच्या चळवळीच्या काळात, १९०७ साली, मुंबईतच इंडियन मर्चंट्स चेंबर उभं राहिलं.

पण मुंबईच्या बाहेरचं काय? सोलापूरच्या, नाशिकच्या, कोकणातल्या व्यापाऱ्याचं म्हणणं कोण मांडणार? १९२७ साली वालचंद हिराचंद यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना केली. वालचंद स्वतः सोलापूरचे. जहाज, विमान, मोटार अशा त्या काळी भारतीयांना अशक्य वाटणाऱ्या धंद्यांत ते उतरले. पुढे १९३४ साली पुण्यात मराठा चेंबर सुरू झालं. त्याच्या उभारणीत आ. रा. भट यांचा मोठा वाटा होता. लहान उद्योगांचा प्रश्न त्यांनी आयुष्यभर लावून धरला. या चेंबरच्या आजच्या नावात उद्योगाबरोबर शेतीही आहे, हे मुलांना आवर्जून सांगा.

हा क्रम पाहिला की एक गोष्ट लक्षात येते. ज्यांचं म्हणणं आधीच्या संस्थेत ऐकलं जात नव्हतं, त्यांनी नवी संस्था काढली. म्हणूनच आज मोठ्या चेंबरसोबत प्रत्येक औद्योगिक क्षेत्रात, तालुक्यात, बाजारपेठेत छोट्या संघटना दिसतात. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यातही अशा संघटना आहेत. आणि त्यांची गरज का आहे ते आपला पट्टा पाहिला की कळतं. अंबरनाथला एके काळचा काडेपेटीचा कारखाना आणि आयुध निर्माणी, उल्हासनगरला फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या सिंधी बांधवांनी घराघरांतून उभे केलेले धंदे, बदलापूरला मानकिवली-खरवई भागातली केमिकल आणि औषधांची युनिट्स. प्रत्येकाची अडचण वेगळी.

चेंबर नक्की करतं काय?

१. अनेकांचा एक आवाज : एका गाळेवाल्याने 'लाईट सारखी जाते' असं पत्र दिलं तर ते फायलीत जातं. दीडशे जणांच्या वतीने पत्र गेलं, सोबत कुणाचे किती तास बंद पडले याचा तक्ता जोडला, की अधिकाऱ्याला बैठक घ्यावी लागते.

२. माहिती : जीएसटीत काय बदललं, सरकारी योजना कोणती, अर्ज कुठे करायचा. मोठ्या कंपनीत यासाठी वेगळा माणूस असतो. छोट्याकडे मालकच मशीन चालवतो, मालकच बिलं लिहितो आणि मालकच टेम्पो भरतो. त्याला हे सांगणारं कुणीतरी लागतं.

३. दाखले : परदेशात माल पाठवताना 'हा माल भारतात बनला आहे' असा उत्पत्तीचा दाखला लागतो. तो देण्याचा अधिकार सरकारने मान्यता दिलेल्या चेंबरना असतो.

४. प्रशिक्षण आणि ओळखी : हिशोब, सुरक्षितता, निर्यात यांचे वर्ग, प्रदर्शनं. अंबरनाथच्या एखाद्या कारखान्याला हवा असलेला भाग खरवईच्या गाळ्यात बनतो, हे दोघांनाही तिथेच कळतं.

५. सामाईक सोयी : लहान कारखान्याला सांडपाणी शुद्ध करण्याचा स्वतःचा मोठा प्रकल्प परवडत नाही. म्हणून औद्योगिक क्षेत्रात सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र असतं. काही औद्योगिक पट्ट्यांत आग लागली तर शेजारच्या कंपन्यांनी फोम आणि बंब घेऊन धावायचं, अशी आधीच ठरवलेली व्यवस्था असते.

४५ दिवसांचा नियम

आता त्या मुलाच्या वडिलांकडे येऊ. हा भाग मुलांपेक्षा पालकांसाठी जास्त आहे. तुमच्या घरात कुणाचा छोटा कारखाना किंवा जॉबवर्कचा गाळा असेल तर नीट वाचा.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली, तर खरेदीदाराने लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे. ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असूच शकत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. तरीही पैसे दिले नाहीत तर सुविधा परिषदेकडे दाद मागता येते, त्यासाठी ऑनलाईन पोर्टल आहे. परिषदेचा निकाल खरेदीदाराला मान्य नसेल, तर कोर्टात आव्हान देण्याआधी निकालाच्या रकमेच्या ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते.

आयकर कायद्यातही एक तरतूद आली. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून अशा उद्योगांचं बिल मुदतीत भागवलं नाही, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत मोठ्या कंपनीला तो खर्च वजा दाखवता येत नाही. म्हणजे पैसे अडकवणाऱ्यालाही चटका बसतो.

यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती ऑनलाईन आहे आणि तिला फी नाही. कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. आणि अडचण आल्यावर नोंदणी करू म्हणून थांबू नका, आधीच करून ठेवा.

आमच्या या पालकांची नोंदणीच नव्हती. माल दिल्याच्या चलनावर सही-शिक्का घेतलेला नव्हता. बरीचशी बोलणी फोनवर. कायदा होता, पण त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.

शिवाय त्यांची भीतीही खोटी नव्हती. तक्रार केली की पुढची ऑर्डर जाते. इथे मला संघटनेचा खरा उपयोग कळला. एकटा माणूस तक्रार करतो तेव्हा त्याचं नाव पुढे येतं आणि त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. संघटना म्हणते, "आमच्या अनेक सभासदांची बिलं थकली आहेत." यात कुणा एकाचं नाव नसतं. संघटना अडचण सगळ्यांची करते, म्हणून ती बोलता येते.

मर्यादाही सांगायला हव्यात

मुलांना फक्त चांगली बाजू सांगितली तर तो पाठ अर्धाच होतो.

पहिली गोष्ट, चेंबर मालकांचं असतं. माझ्याच वर्गात एकीने विचारलं, "मग कामगारांचं कोण सांगणार, बाई?" म्हणून तिसरा रकाना फळ्यावरून पुसू नका.

दुसरी गोष्ट, चेंबरमध्येही मोठा आणि लहान असतो. ज्याने लहानाचे पैसे अडवलेत, तोच त्याच संघटनेत पुढच्या खुर्चीवर बसलेला असू शकतो. म्हणून लहान उद्योजकांनी फक्त वर्गणी भरून चालत नाही. सभेला जायला हवं, बोलायला हवं, निवडणुकीला उभं राहायला हवं.

तिसरी गोष्ट आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याची. उल्हास नदीचं पाणी आपण पितो, वालधुनीची अवस्था आपण रोज नाकाने अनुभवतो. डोंबिवलीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला झालेल्या स्फोटांत माणसं गेली. आपल्याकडेही रात्री उग्र वास आला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. उद्योगांची संघटना सभासदांची बाजू मांडणारच, ते तिचं कामच आहे. पण चुकणाऱ्या सभासदाला पाठीशी घालायचं की 'तुझ्यामुळे आम्ही सगळे बदनाम होतो' असं तोंडावर सांगायचं, यावर त्या संघटनेची गावातली पत ठरते. आणि शेजाऱ्यांची बाजू संघटना मांडेल म्हणून आपण गप्प बसायचं नाही. ती आपण नागरिकांनी, नगरपरिषदेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मांडायची.

वर्गात कसं घ्याल?

कृती १ : टेम्पोचं गणित. समजा पाच गाळेवाले भिवंडीला माल पाठवतात. प्रत्येक जण २,००० रुपये देऊन स्वतंत्र टेम्पो करतो आणि प्रत्येकाचा टेम्पो पाऊणभर रिकामा जातो. एकत्र पाठवला तर दोन टेम्पो पुरतात. प्रत्येकाचे किती रुपये वाचले? (१,२०० रुपये.) मग विचारा : कुणाचा माल आधी उतरवायचा? नुकसान झालं तर भरायचं कुणी? मुलं भांडायला लागतात. भांडू द्या. भांडण मिटवायला ती स्वतःच नियम करतात, आणि संघटना कशी तयार होते ते त्यांना आपोआप कळतं.

कृती २ : वर्गसभा. पाच गट करा : लेथवाले, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या ताई, मोठी कंपनी, कामगार, नदीकाठचे रहिवासी. प्रत्येक गटाने नाव न लिहिता एक अडचण चिठ्ठीवर लिहायची. अध्यक्षाने त्या वाचायच्या. कुठल्या अडचणी चेंबरकडे जातील, कुठल्या नगरपरिषदेकडे, कुठल्या युनियनकडे, ते ठरवायचं. चिठ्ठीवर नाव का नको, हे शेवटी मुलांकडूनच काढून घ्या.

कृती ३ : मुलाखत. घराजवळच्या एका दुकानदाराला किंवा गाळेवाल्याला तीन प्रश्न विचारून या. तुम्ही कुठल्या संघटनेचे सभासद आहात का? असाल तर काय फायदा झाला? नसाल तर का नाही? (शिक्षकांसाठी सूचना : 'पैसे किती मिळतात' हा प्रश्न मुलांना विचारू देऊ नका. आणि ज्या मुलांच्या घरी सध्या काम नाही, त्यांना वर्गासमोर सांगायला लावू नका. ही चूक मी केली होती.)

स्वाध्याय :
१. नगरपरिषद आणि चेंबर ऑफ कॉमर्स यांतला फरक दोन वाक्यांत लिहा.
२. नाशिकच्या दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार कार्षापण होते, दरमहा शेकडा पाऊण व्याज. वर्षाचं व्याज किती? (उत्तर : ९०)
३. तुमच्या गल्लीतली अशी एक अडचण लिहा, जी एकट्याने सुटत नाही पण दहा जण मिळून सुटेल.

शेवटी

त्या पालकांचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. एका ओळखीच्या गाळेवाल्याबरोबर ते उद्योजकांच्या संघटनेच्या सभेला गेले. उद्यम नोंदणी केली. पुढच्या कामासाठी लेखी ऑर्डर आणि चलनावर सही घ्यायला लागले. संघटनेने थकलेल्या बिलांचा विषय सगळ्यांच्या वतीने मांडला. पैसे दोन हप्त्यांत आले, सगळे नाही आले. दोन कामगारांपैकी एक तोवर दुसरीकडे लागला होता, तो परत आला नाही. त्या माणसाच्या त्या सात महिन्यांचं व्याज कुणी मोजलं नाही, हेही इथे लिहून ठेवते.

वर्षाच्या शेवटी मुलाला सहज विचारलं, "काय रे, गाळा काय म्हणतो?"

तो म्हणाला, "चालू झालाय बाई. पण एकच लेथ."

पालकांनो, तुमचा धंदा कितीही छोटा असो, तुमच्या भागातल्या संघटनेची पुढची सभा कधी आहे ते या आठवड्यात विचारून ठेवा. आणि शिक्षकांनो, हा पाठ वर्गात घेतलात तर मुलांनी तिसऱ्या स्वाध्यायात काय लिहिलं ते मला नक्की कळवा. माझ्या वर्गातल्या एकोणीस जणांनी 'पाणी' लिहिलं होतं. बारवी धरण आपल्या शेजारी असून!